गोळी लागू पडली म्हणून चूक लपली: अंकुशकृमीच्या रक्तक्षयाचे एक प्रकरण

रुग्ण ३६ वर्षांची शेतमजूर बाई, वजन ४६ किलो. तीन महिन्यांपासून चढण चढताना धाप लागते, ओझे उचलले की छातीत धडधडते, संध्याकाळी घोट्यांवर सूज येते. सोळा महिन्यांत ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही खेपांना निदान झाले होते लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय, आणि ते बरोबरच होते. लोहाच्या गोळ्या दिल्या, हिमोग्लोबिन वाढले, कागद मिटले. आता ते डेसिलिटरमागे ५.६ ग्रॅम आहे, म्हणजे पहिल्या खेपेहूनही खाली.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीची नोंद नाही. रुग्ण आणि तिचे आकडे समजावून सांगण्यासाठी जुळवले आहेत. औषधांच्या मात्रा, तपासण्यांच्या मर्यादा आणि अंकुशकृमीचे, म्हणजे लहान आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या जंताचे, जीवनचक्र मात्र जसे आहे तसेच.

आधीच्या दोन खेपा

पहिल्या खेपेला हिमोग्लोबिन ७.१ होते. शौचाची साधी तपासणी झाली, अहवालात 'अंडी वा कृमी आढळले नाहीत'. पाळी पाच दिवसांची, त्यामुळे रक्तक्षयाचे खापर पाळीवर फुटले. तीन महिने गोळ्या घेतल्यावर हिमोग्लोबिन ९.६. पोटात मळमळायचे म्हणून निम्म्या गोळ्या तशाच राहिल्या होत्या, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

दुसरी खेप नवव्या महिन्यात. हिमोग्लोबिन ६.८. या वेळी शौचाच्या तपासणीत चाबूककृमीची, म्हणजे मोठ्या आतड्यात राहणाऱ्या दुसऱ्या एका जंताची, थोडी अंडी सापडली. मेबेंडाझोल या जंतनाशकाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि पुन्हा लोह. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ८.९.

इथे थांबून बघण्यासारखी गोष्ट आहे. चाबूककृमीची थोडीशी अंडी आणि ६.८ हिमोग्लोबिन यांचा मेळ बसत नाही. चाबूककृमी रक्त गळवतो, पण त्यासाठी त्याचा भार प्रचंड लागतो, आणि बहुधा सोबत आव-रक्त पडते. हलक्या भाराने एवढा रक्तक्षय होत नाही. पण काहीतरी सापडले की शोध थांबतो, तसा तो थांबला.

तिसऱ्या खेपेची तपासणी

नाडी १०८, रक्तदाब १००/६०, श्वास मिनिटाला २२. डोळ्यांच्या आतल्या कडा आणि तळवे पांढुरके, नखे मधे खोलगट, जिभेचे काटे झिजून ती गुळगुळीत झालेली. हृदयावर हलकी मरमर, पण मानेची शीर फुगलेली नाही, फुप्फुसे स्वच्छ, यकृत हाताला लागत नाही. पायांवर बोट दाबले की खड्डा पडतो. म्हणजे सूज आहे, पण हृदय थकल्याची बाकीची लक्षणे नाहीत.

विचारल्यावर तिने दोन गोष्टी सांगितल्या. ओल्या मातीचा वास आला की ती तोंडात टाकावीशी वाटते, कधी टाकतेही. आणि दर पावसाळ्यात पायांच्या बोटांच्या बेचक्यांत आठवडाभर खाज सुटते, बारीक पुरळ येतो, मग आपोआप जातो. माती खाण्याची ओढ लोहाच्या तीव्र कमतरतेत सर्रास दिसते. बेचक्यांतली खाज ही अंकुशकृमीच्या अळ्या मातीतून कातडीवाटे आत शिरल्याची खूण. चिखल्या म्हणून ती सोडून दिली जाते, आणि चिखल्याही त्याच जागी होत असल्याने ते समजण्यासारखे आहे.

रक्ताचे आकडे असे: तांबड्या पेशी ३३ लाख, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६१, एमसीएच (एका पेशीतले सरासरी हिमोग्लोबिन) १७, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) २१, प्लेटलेट ४.६ लाख, पांढऱ्या पेशी ९,२००, त्यात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १६ टक्के, म्हणजे सुमारे १,४७०. फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा) ४. अल्ब्युमिन (रक्तद्रवातले मुख्य प्रथिन) २.९. शौचात गुप्त रक्त आहे.

एमसीव्ही एवढा खाली असला की थॅलेसिमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाच्या सौम्य प्रकाराची, शंका येते. एमसीव्हीला तांबड्या पेशींच्या दशलक्षातल्या आकड्याने भागायचे: ६१ भागिले ३.३ म्हणजे १८.५. थॅलेसिमियात पेशी लहान पण संख्येने भरपूर असतात आणि हा भागाकार १३ च्या खाली येतो. इथे तो बराच वर आहे. फेरिटिन ४ असताना लोहाच्या कमतरतेबद्दल तर वादच उरत नाही.

या कागदावरचे दोन आकडे नेहमी दुर्लक्षित राहतात. पहिला इओसिनोफिलचा. आतड्याच्या भिंतीला चिकटणारे कृमी तो वाढवतात. संसर्गानंतर साधारण पाच ते नऊ आठवड्यांत तो शिखर गाठतो आणि पुढे रेंगाळतो. पाळीतल्या रक्तस्रावाने किंवा जठरातल्या व्रणाने इओसिनोफिल वाढत नाहीत. दुसरा अल्ब्युमिनचा. अंकुशकृमी रक्त पितो तेव्हा लाल पेशींबरोबर रक्तद्रवही जातो. मोठ्या भारात प्रथिने इतकी गळतात की पायांवर सूज येते. या बाईच्या घोट्यांचा हिशेब इथे लागतो.

अंडी कुठे गेली होती

नवा नमुना सकाळी घेतला आणि तासाभरात काटो-कॅट्झ पद्धतीने दोन काचपट्ट्या केल्या. ही पद्धत सोपी आहे. शौच जाळीतून घासून घ्यायचे, ४१.७ मिलिग्रॅम मावेल एवढ्या भोकाच्या साच्यात भरायचे, साचा उचलायचा, त्यावर ग्लिसरीन आणि मॅलाकाइट ग्रीनच्या द्रावणात किमान दिवसभर भिजवलेला सेलोफेनचा तुकडा ठेवून पालथे दाबायचे. ग्लिसरीन हळूहळू आतला गाळ पारदर्शक करते, अंडी उठून दिसू लागतात. मोजलेल्या अंड्यांना २४ ने गुणले की एका ग्रॅममागे किती अंडी ते कळते.

पट्ट्या बरोबर ३५ मिनिटांनी बघितल्या. पहिल्या पट्टीवर २३६ अंडी, दुसरीवर २०८. लांबट गोल, कवच कागदासारखे पातळ, लांबी ६० आणि रुंदी ४० मायक्रॉनच्या आसपास, आत चार ते आठ पेशींचा गोळा आणि त्याच्याभोवती स्वच्छ मोकळी फट. ही अंकुशकृमीची अंडी. सरासरी २२२, गुणिले २४, म्हणजे ग्रॅममागे ५,३२८. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २,००० च्या खाली हलका भार, ३,९९९ पर्यंत मध्यम, आणि ४,००० पासून पुढे भारी.

त्यातली एक पट्टी टेबलावर तशीच ठेवून संध्याकाळी पुन्हा बघितली, तर तिच्यावर अंकुशकृमीचे एकही अंडे ओळखता येईना. चाबूककृमीची चार अंडी मात्र पिंपाच्या आकाराची, दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखी, सकाळइतकीच ठसठशीत. जे ग्लिसरीन गाळ पारदर्शक करते तेच अंकुशकृमीची पातळ कवचाची अंडीही पारदर्शक करून दिसेनाशी करते. जाड कवचाची अंडी टिकतात. म्हणून अंकुशकृमीसाठी पट्टी अर्ध्या तासापासून एका तासाच्या आत वाचायची असते, हा नियम आहे. दुसऱ्या खेपेला प्रयोगशाळेने सकाळभर पट्ट्या करून दुपारी जेवणानंतर एकदम वाचल्या होत्या. अहवाल खोटा नव्हता. चाबूककृमी खरोखरच होता.

पहिल्या खेपेची गोष्ट वेगळी. साध्या तपासणीत काचेवर शौचाचे जेमतेम दोन मिलिग्रॅम जातात. ग्रॅममागे २,००० अंडी असतील तर त्यात चारच अंडी येणार, तीही सगळी पट्टी शेवटपर्यंत फिरून बघितली तर. शिवाय तो नमुना आदल्या संध्याकाळचा होता. उबेत ठेवलेल्या शौचात अंकुशकृमीची अंडी थांबून राहत नाहीत. चोवीस तासांपासूनच ती फुटू लागतात आणि बाहेर येते वळवळणारी अळी.

या अळीने होणारा घोटाळा जास्त महाग पडतो. स्ट्रॉंजिलॉइडिस नावाच्या दुसऱ्या कृमीच्या अळ्या ताज्या शौचातच असतात. शिळ्या नमुन्यात अळी दिसली की दोन्हींत गल्लत होते. फरक मोठ्या भिंगाखाली दिसतो: अंकुशकृमीच्या अळीची तोंडापासूनची पोकळी लांब असते आणि जननेंद्रियाचा अंकुर दिसत नाही म्हटले तरी चालेल, स्ट्रॉंजिलॉइडिसमध्ये पोकळी आखूड आणि अंकुर ठळक. हा फरक निदानापुरता नाही. स्ट्रॉंजिलॉइडिस असलेल्या माणसाला दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड दिले तर कृमी शरीरभर पसरून जीव जाऊ शकतो, आणि एकट्या अल्बेंडाझोल या जंतनाशकाच्या एका गोळीने तो नीट जात नाही, त्याला आयव्हरमेक्टिन लागते. म्हणून नमुना ताजा हवा. ताजा मिळणार नसेल तर फॉर्मॅलिनमध्ये घातलेला.

अंड्यांवरून जात मात्र कळत नाही. माणसाला होणारे अंकुशकृमी मुख्यतः दोन: नेकेटर अमेरिकानस आणि अँकिलोस्टोमा ड्युओडिनेल. पहिल्याच्या तोंडात कापणाऱ्या पट्ट्या, दुसऱ्याच्या तोंडात दातांच्या जोड्या. अंडी दोघांची सारखीच. जात ठरवायची तर अळ्या वाढवून बघाव्या लागतात किंवा पीसीआर, म्हणजे डीएनएची चाचणी. इथे तसे केले नाही, आणि उपचारासाठी त्याची गरजही नव्हती. हिशेबासाठी मात्र जात महत्त्वाची आहे.

लोहाचा जमाखर्च

दिवसाला १५० ग्रॅम शौच धरले तर ५,३२८ च्या हिशेबाने रोज सुमारे आठ लाख अंडी बाहेर पडतात.

कृमी नेकेटर असेल तर एक मादी दिवसाला नऊ-दहा हजारांपर्यंत अंडी घालते. म्हणजे माद्या साधारण ९०, आणि तितकेच नर धरून १८० कृमी. प्रत्येकी रोज ०.०३ मिलिलिटर रक्त, म्हणजे एकूण पाच मिलिलिटरच्या आसपास. अँकिलोस्टोमा असेल तर एक मादी पंचवीस हजार किंवा जास्त अंडी घालते, म्हणून माद्या तीसेक आणि एकूण कृमी साठ-पासष्ट. पण तो एकटा रोज ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त काढतो. एकूण दहा ते तेरा मिलिलिटर. पट्टीवर अंडी सारखीच, कृमी एक तृतीयांश, आणि रक्ताची गळती दुप्पट. हा हिशेब ढोबळ आहे. गर्दी वाढली की प्रत्येक मादी अंडी कमी घालते, त्यामुळे मोठ्या भारात खरे कृमी हिशेबापेक्षा जास्त असू शकतात.

कृमी फक्त पितो म्हणून एवढे रक्त जात नाही. तो लहान आतड्याच्या अस्तराचा चिमटा तोंडात घेतो, रक्त गोठू न देणारी द्रव्ये सोडतो, आणि दिवसातून अनेकदा जागा बदलतो. सोडलेली जागा बराच वेळ झिरपत राहते.

आता लोह. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह. हिमोग्लोबिन १० असताना एक मिलिलिटर रक्तात ०.३४ मिलिग्रॅम. नेकेटरच्या हिशेबाने रोज १.८ मिलिग्रॅम लोह आतड्यात सांडते, पण ते वरच्या भागात सांडत असल्याने त्यातले तीस-चाळीस टक्के पुन्हा शोषले जाते. निव्वळ तोटा १.१. अँकिलोस्टोमाच्या हिशेबाने २.२ ते २.६. त्यात शरीराची नेहमीची एक मिलिग्रॅमची झीज आणि पाळीचे दिवसाला सरासरी अर्धा-पाऊण मिलिग्रॅम मिळवा. अन्नातून शोषले जाणारे लोह दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम. म्हणजे रोजचा खड्डा एक ते अडीच मिलिग्रॅमचा.

हा अंदाज तिच्याच जुन्या कागदांवर ताडून बघता येतो. पहिल्या खेपेच्या गोळ्या थांबल्यानंतर सहा महिन्यांत हिमोग्लोबिन ९.६ वरून ६.८ झाले. ४६ किलोच्या बाईत रक्त सुमारे तीन लिटर, म्हणजे तीस डेसिलिटर. २.८ गुणिले ३० म्हणजे ८४ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे २८६ मिलिग्रॅम लोह. १८० दिवसांनी भागले की रोज १.६. अंदाजाच्या दोन टोकांच्या बरोबर मधे. पाळी पाच दिवसांची, दिवसाला तीन-चार पॅड, गाठी नाहीत. एवढ्या पाळीवर हा खड्डा पडत नाही. हा गुणाकार दुसऱ्या खेपेलाच कागदाच्या पाठीवर करता आला असता.

गोळ्यांनी हिमोग्लोबिन का वाढले, तेही याच हिशेबात आहे. १०० मिलिग्रॅम लोहाच्या गोळीतून रोज दहा-पंधरा मिलिग्रॅम शोषले जाते. दीड-दोनचा खड्डा त्यापुढे किरकोळ. टाकीला भोक असले तरी नळ मोठा सोडला की पाणी वर चढणारच. त्यामुळे लोह लागू पडले म्हणजे कारण सापडले, असा अर्थ काढता येत नाही. उलट हिमोग्लोबिन वाढले की गळणाऱ्या प्रत्येक मिलिलिटरमागे जाणारे लोहही वाढते, म्हणून गोळी थांबताच घसरण जोरात सुरू होते. आणि ५ च्या आसपास ती मंदावते, कारण रक्तच पातळ झालेले असते. पाच-सहा हिमोग्लोबिनवर माणसे शेतात दिवसभर राबताना दिसतात, त्याचे अर्धे कारण शरीराची सवय आणि अर्धे हे गणित.

उपचार कसा ठरला

रक्त द्यायचे का, हा पहिला प्रश्न. विश्रांतीत धाप नाही, छातीत दुखत नाही, गर्भारपण नाही, हृदय थकल्याची खूण नाही. असा रक्तक्षय महिनोन्महिने वाढलेला असतो. शरीराने रक्तद्रव वाढवून जुळवून घेतलेले असते. त्यात घाईने रक्त चढवले तर फुप्फुसात पाणी होण्याचा धोका खरा आहे. रक्त दिले नाही. द्यावेच लागले असते तर पेशींची एकच पिशवी, तीन-चार तासांत, श्वासावर लक्ष ठेवून.

शिरेतून लोह देण्याचाही विचार झाला. वजन ४६, हिमोग्लोबिनचे लक्ष्य १३, उणीव ७.४, ४६ गुणिले ७.४ गुणिले २.४ म्हणजे ८१७, अधिक साठ्यासाठी ५००, एकूण सुमारे १,३०० मिलिग्रॅम. आधी तोंडाने देऊन बघायचे ठरले, कारण पूर्वी तिला गोळी लागू पडलीच होती. नडली होती ती मळमळ. या वेळी १०० मिलिग्रॅम लोह दिवसातून एकदाच, रिकाम्या पोटी, आणि मळमळ असह्य झाली तर एक दिवसाआड. एका मात्रेनंतर हेप्सिडिन (लोहाचे शोषण रोखणारे संप्रेरक) वाढते आणि जवळजवळ दिवसभर पुढचे शोषण दाबून ठेवते, त्यामुळे दिवसातून तीनदा गोळ्या दिल्याने लोह तिप्पट जात नाही, मळमळ तेवढी वाढते. चहा, कॉफी, दूध आणि आम्लपित्ताची औषधे गोळीच्या आगेमागे दोन तास नाहीत. शौच काळे होईल हे आधीच सांगितले, नाहीतर घाबरून गोळी बंद होते.

कृमीसाठी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, चावून, रोज एक याप्रमाणे तीन दिवस. सामूहिक मोहिमांत एकच मात्रा देतात आणि हलक्या भारात ती पुरते. भारी भारात तीन दिवसांचा क्रम जास्त खात्रीचा. दुसऱ्या खेपेची मेबेंडाझोलची एकच गोळी इथे का पोचली नाही तेही सांगायला हवे. एकत्रित विश्लेषणांत अंकुशकृमीतून पूर्ण सुटका होण्याचे प्रमाण मेबेंडाझोलच्या एका मात्रेने साधारण १५ ते ३२ टक्के, अल्बेंडाझोलच्या एका मात्रेने ७२ ते ८० टक्के. मेबेंडाझोलच द्यायचे तर १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन दिवस. दोन्ही औषधे गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत टाळतात. म्हणून शेवटच्या पाळीची तारीख विचारली आणि लघवीची चाचणी करून घेतली. 'दिवस गेलेत का' एवढे विचारून भागत नाही. अशा रक्तक्षयात पाळी अनियमित होते आणि तिलाच पत्ता नसतो.

जंताचे औषध अशक्त रुग्णाला झेपणार नाही, आधी रक्त वाढवा, असा सल्ला अजून कानावर येतो. तो थायमॉल आणि टेट्राक्लोरोएथिलीनच्या जमान्यातला आहे, जेव्हा औषध कृमीइतकेच माणसालाही जड जायचे. अल्बेंडाझोल आणि लोह एकाच दिवशी सुरू केले.

आठव्या दिवशी रेटिक्युलोसाइट (नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी) ७ टक्के, म्हणजे रक्त बनवणारी मज्जा जागी झाली. तीन आठवड्यांनी ताज्या नमुन्याच्या दोन पट्ट्यांवर ३ आणि ५ अंडी. ग्रॅममागे ९६. घट ९८ टक्क्यांची, तरी शून्य नाही. अल्बेंडाझोल आतड्यातल्या मोठ्या कृमींना मारते. फुप्फुसाच्या वाटेवर असलेल्या अळ्या त्याच्या तडाख्यातून सुटतात आणि मागाहून आतड्यात येऊन वाढतात. तीन दिवसांचा क्रम पुन्हा दिला. सहाव्या आठवड्यात अंडी शून्य. हिमोग्लोबिन चौथ्या आठवड्यात ८.२, बाराव्या आठवड्यात ११.९, अल्ब्युमिन ३.७, पायांची सूज गेली, माती तोंडात टाकण्याची ओढ तर पहिल्या पंधरवड्यातच गेली होती. साठा भरावा म्हणून गोळ्या पुढे तीन महिने चालू.

सातवा महिना

सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन ११.४. घसरण किरकोळ, पण नमुन्यात ग्रॅममागे ७२० अंडी. उपचार फसला नव्हता. सहाव्या आठवड्यात अंडी शून्य होती. कातडीतून शिरल्यापासून अंडी दिसेपर्यंत साधारण पाच ते नऊ आठवडे जातात, त्यामुळे हा नवाच संसर्ग. अंकुशकृमी एकदा होऊन गेला की अंगात प्रतिकार तयार होतो, असे घडत नाही. गोलकृमीचा भार मुलांत जास्त असतो आणि वाढत्या वयात उतरतो. अंकुशकृमीचा भार मोठेपणीही चढत राहतो. शाळेतल्या जंतनाशक गोळ्यांवर सगळी भिस्त ठेवली की अशी बाई हिशेबातून सुटते.

आधीच्या तिन्ही खेपांच्या कागदांवर 'घरी शौचालय: आहे' अशी नोंद होती. या वेळी प्रश्न बदलला: "काल सकाळी तुम्ही कुठे गेला होतात, ताई?" उत्तर आले, शेताच्या बांधावर. शौचालय घराशी आहे. काम अर्ध्या तासाच्या चालीवर, आणि दिवसाचे आठ-नऊ तास तिथेच जातात. पावसात घरच्या शौचालयाचा खड्डा पाण्याने भरतो, तेव्हा घरचेही बाहेरच जातात.

बांधावरची जागा बघितल्यावर फार विचारायची गरज उरली नाही. झाडांच्या गर्द सावलीची पट्टी, रेताड भुसभुशीत माती, वर पालापाचोळा, पाट जवळ असल्याने ओल कायमची. आडोसा तेवढाच असल्याने सगळ्या बाया तिथेच जातात, आणि विहिरीकडे जाणारी पायवाटही त्यातूनच. अंकुशकृमीला याहून सोयीची जागा नसेल. ओल, सावली आणि वीस ते तीस अंश ऊब मिळाली की अंडे एक-दोन दिवसांत फुटते, पाच ते दहा दिवसांत अळी कातडी भेदण्याजोगी होते आणि तीन-चार आठवडे जगते. ती आडवी फार लांब जात नाही. ओल असेल तशी मातीत वर-खाली करते आणि पृष्ठभागाशी येऊन वाट बघते. कडक उन्हात आणि कोरड्या मातीत ती टिकत नाही.

अळी कातडीतून शिरते हे कळायलाही जगाला वेळ लागला. इटालियन डॉक्टर आंजेलो दुबिनी यांना मिलानमध्ये १८३८ साली शवविच्छेदनात हा कृमी सापडला. १८८० साली आल्प्समधला गोथार्ड बोगदा खणणाऱ्या मजुरांत रक्तक्षयाची लाट आली तेव्हा त्याचा या कृमीशी संबंध जोडला गेला. ऊबदार, दमट बोगद्यात शौचाची सोय नव्हती आणि माणसे त्याच चिखलात काम करत होती. पण वाट तोंडातूनच असणार, असेच तेव्हाही धरले होते. १८९८ मध्ये इजिप्तमध्ये कृमींचे अभ्यासक आर्थर लूस यांच्या हातावर अळ्यांचे पाणी सांडले, तिथे आग आणि खाज सुटली, पुढे त्यांच्याच शौचात अंडी दिसली, तेव्हा कातडीची वाट उघडी पडली. कातडीतून शिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात, श्वासनलिकेतून वर घशात, आणि गिळली गेली की लहान आतड्यात. अँकिलोस्टोमाची अळी थेट तोंडावाटेही लागते, हे खरे. म्हणून मातीचे हात आणि न धुतलेला भाजीपाला यांकडे काणाडोळा करता येत नाही.

पायात काही घाला, हा सल्ला तिला आधीही मिळाला होता आणि ती उघड्या चपला घालतही होती. ओल्या मातीत चपलेचा तळ पायाला वाचवतो, पण चिखल बोटांच्या बेचक्यांत येतोच, आणि खाज तिथेच सुटत होती. शिवाय रोपे लावताना हात मनगटापर्यंत मातीत. घोट्यावर येणारे बंद बूट उपयोगी, पण गुडघाभर चिखलात ते पाणी भरून जड होतात आणि काढून बांधावर ठेवले जातात. म्हणून जोर पायताणापेक्षा जागेवर दिला. पायवाट आडोशाच्या पट्टीतून वळवून उन्हातल्या बांधावर नेली. कामाच्या जागेजवळ पाणी न साचणाऱ्या उंचवट्यावर खड्ड्याचे शौचालय केले, फरशी आणि आडोशासकट. घरच्या शौचालयाचा कठडा उचलून पावसाचे पाणी बाहेरून वळवले. जुनी पट्टी दोन महिने वापरायची नाही असे ठरले. नवी घाण पडली नाही तर तिथल्या अळ्या तेवढ्या काळात मरून जातात.

त्या बांधावर जाणाऱ्या आणि घरातल्या मिळून अकरा जणांच्या शौचाची तपासणी झाली, प्रत्येकाच्या दोन पट्ट्या, वेळ लिहून. सात जणांत अंडी, त्यातल्या एकट्या एका बाईत ग्रॅममागे ६,००० च्या वर. अंकुशकृमीची वाटणी अशीच असते: बरेच जण थोडे कृमी बाळगतात आणि एक-दोघे बहुतेक सगळे. त्या बाईने आजवर कसलीही तक्रार केली नव्हती. तिचे हिमोग्लोबिन ६.३ निघाले आणि चौथा महिना चालू होता. तिला पहिली तिमाही संपल्याची खात्री करून अल्बेंडाझोल, सोबत लोह आणि फॉलिक ॲसिड दिले. गर्भारपणात लोहाची गरज कित्येक पटींनी वाढते, आणि अशी गळती चालूच राहिली तर बाळंतपणातला रक्तस्राव तिला झेपत नाही, मूलही कमी वजनाचे होण्याची भीती. बाकीच्या सहा जणांना एकेक गोळी.

चौदाव्या महिन्यात मूळ रुग्णाचे हिमोग्लोबिन १२.४, फेरिटिन ३८, इओसिनोफिल ४ टक्के, दोन्ही पट्ट्यांवर अंडी शून्य. पट्ट्या केल्याची वेळ सकाळी ९.१०, वाचल्याची ९.४५, दोन्ही अहवालावर लिहिलेल्या. तिच्या नवऱ्याच्या नमुन्यात ग्रॅममागे १९२ अंडी निघाली. तो दुसऱ्या शिवारात कामाला जातो. त्याला गोळी दिली असून तीन आठवड्यांनी ताजा नमुना मागवला आहे, आणि त्या शिवारात बांधावर कोणकोण जाते याची यादीही.